न मागण्याचें बक्षीस

आमच्या घरीं मोटार आली ती आईच्या गुडघ्यांमुळें. वाईच्या जुन्या वाड्यांत आम्ही दोघे भाऊ, दोघांचीं कुटुंबें, धाकट्याचा मुलगा व सून, आणि या सर्वांच्या वर नव्वदीकडे झुकलेली आमची मातोश्री, असा संसार अद्यापि एकाच चुलीवर चालला आहे. मीं चौतीस वर्षें शाळेंत संस्कृत व मराठी शिकविलें. मॅट्रिकच्या पलीकडे माझें इंग्रजी शिक्षण झालें नाहीं; पुढें जें कांहीं शिकलों तें पाठशाळेंत, शास्त्रीबुवांपुढें मांडी घालून. २०१७ च्या आरंभीं सेवानिवृत्त झालों, तेव्हां हातीं आलेल्या रकमेंतून एक लहानशी मोटार घ्यावी असें धाकट्या बंधूनें सुचविलें. आईला डोळ्यांत इंजेक्शनें देण्यासाठीं दर दोन महिन्यांनीं पुण्यास न्यावें लागे, आणि एस्. टी. च्या पायऱ्या तिला चढवत नसत. त्या वर्षींच्या गुढीपाडव्यास गाडी दारांत उभी राहिली. नोंदणी व विमा माझ्या नांवावर, चालविणारा बंधु, आणि बसणारें सारें घर, अशी वांटणी आपोआप झाली.

विम्याचा तो पहिला कागद मीं चष्मा पुसून, शास्त्राचा ग्रंथ लावावा तसा लावला. त्याचे दोन भाग होते. आपल्या गाडीनें दुसऱ्याची जी हानि होईल तिच्यासाठीं एक. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वयें तो प्रत्येक गाडीस सक्तीचा असून त्याचा दर सरकार ठरवितें. खुद्द आपल्या गाडीची जी हानि होईल तिच्यासाठीं दुसरा, तो ऐच्छिक. या दुसऱ्या भागाच्या हप्त्यावर मात्र ‘नो क्लेम बोनस’ नांवाची सूट मिळते. एक वर्ष कांहीं न मागितल्यास शेंकडा २०, दुसऱ्या वर्षीं २५, मग ३५, ४५, आणि पांच वर्षें तशींच गेल्यास ५०. त्यापुढें चढण नाहीं.

मला वाटे, ही सूट म्हणजे सदाचरणाचें बक्षीस. बंधु गाडी जपून चालवितो. गतिरोधकावरून तर नवी सून उंबरठा ओलांडते तशी ती अलगद नेतो. तेव्हां कंपनीनें त्याचें कौतुक केलें, असा माझा भोळा समज होता. दर पाडव्याच्या सुमारास नवा कागद आला कीं मी ओसरीवर बसून तो आंकडा मोठ्यानें वाचीत असें, आणि बंधु, विद्यार्थ्यानें गुणपत्रिका ऐकावी तसा, हंसत ऐकून घेई. २०२० च्या टाळेबंदींत गाडी कित्येक महिने बोळांत ताडपत्रीखालीं निजून होती, तरी पुढल्या पाडव्यास ३५ चे ४५ झाले. न चाललेल्या गाडीच्या नांवेंही सुकृत जमा होतें हें पाहून तेव्हांच मला शंका यावयास हवी होती. पण फायद्याच्या वेळीं शंका कोणाला येते? २०२२ त आम्ही ५० वर पोंचलों व तेथेंच सुखानें राहिलों.

१३ फेब्रुवारी २०२४ रोजीं माघी गणेशजयंती होती. आईला ढोल्या गणपतीचें दर्शन घडवावें म्हणून आम्ही सकाळींच निघालों. गर्दी पुष्कळ. घाटाच्या अलीकडे एका भिंतीलगत बंधूनें गाडी लावली. तेथें लावण्यास मनाई नव्हती, रस्ताही अडत नव्हता. आईला थोडें कमी चालावें लागावें, एवढाच त्याचा हेतु. दर्शन उत्तम झालें. परत येऊन पाहतों तों स्ट्रॉबेरीच्या रिकाम्या खोक्यांनीं भरलेला एक टेम्पो पाठीमागें घेतांना आमच्या गाडीवर येऊन टेंकला होता. डाव्या बाजूचें मागचें दार आंत गेलें होतें आणि बंपर एका कानावर लोंबत होता. गाडींत कोणी नव्हतें, हीच देवाची कृपा. चालविणारा पोरगा हात जोडून उभा होता. ‘माझीच चूक, माझीच चूक’ असें तो येणाऱ्याजाणाऱ्यासही सांगत होता. अर्ध्या तासांत टेम्पोचा मालक आला. सभ्य दिसला. ‘मास्तर, गॅरेजचें बिल होईल तें माझ्याकडे लावा,’ असें चारचौघांत म्हणाला.

इतकें सर्व सरळ असतां, त्याच चारचौघांत, मीं बंधूला म्हटलें, ‘अरे, गाडी लावायला तुला दुसरी जागा मिळाली नाहीं?’

त्यानें उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या बाजूचें दार उघडून आईला हळूच बसविलें आणि गाडी घरीं आणली. हें वाक्य मीं येथें मुद्दाम लिहिलें आहे. पुढच्या सर्व हकीकतींत तें कोठें ना कोठें आहे.

टेम्पोच्या मालकाच्या शब्दावर मी आठ दिवस राहिलों. नवव्या दिवशीं फोन केला, तर म्हणाला, ‘विमा आहे ना तुमचा? मग विम्यांतून घ्या कीं.’ त्यानंतर त्यानें फोनच उचलला नाहीं. मग मीं कंपनीला कळविलें. पहिला प्रश्न आला तो हा, कीं अपघात १३ तारखेचा असतां आज २२ तारखेस कां कळवितां? घटना घडतांच कळवावें अशी अट पॉलिसींत स्वच्छ छापलेली आहे, आणि तो कागद मी ग्रंथासारखा लावलेला माणूस! लेखी खुलासा दिला. मग सर्व्हेअर आले. गॅरेजवाला म्हणे दार बदलावें लागेल. सर्व्हेअर म्हणत ठोकून सरळ होईल. पोलिसठाण्यांतल्या नोंदीची नक्कल मागितली. ती मिळण्यास आठवडा गेला. नंतर टेम्पोच्या विम्याचा तपशील हवा झाला. तो मालक देईना. अशा रीतीनें मार्च उजाडला आणि आमचा दावा ‘प्रलंबित’ या अवस्थेंत जाऊन बसला. इकडे विम्याची मुदत २७ मार्चला संपत होती. नूतनीकरणाची सूचना आली तींत बोनसच्या रकान्यांत शून्य होतें.

मी तडक कंपनीच्या कचेरींत गेलों. तेथील अधिकारी तरुण पण सौजन्यशील होते. त्यांनीं चहा मागविला.

‘दोष आमचा नाहीं, हें तुम्हांस मान्य आहे ना?’ मीं विचारलें.

‘पूर्ण मान्य आहे, सर. पण बोनसचा आणि दोषाचा संबंध नाहीं.’

‘आम्हांला अद्यापि एक पैसाही मिळालेला नाहीं, हें तरी?’

‘तेंही मान्य आहे. पण दावा उघडा आहे ना!’

त्यांनीं मला नियमाचा मजकूर दाखविला. २००२ च्या भारतीय मोटार दरपत्रकांत सुटीचा जो तक्ता आहे, त्याच्या माथ्यावरच लिहिलें आहे कीं, मागच्या पूर्ण विमावर्षांत दावा केलेला अगर प्रलंबित नसावा. दर ठरविण्याची मोकळीक कंपन्यांना २००७ पासून मिळाली, तरी सुटीच्या पायऱ्या जुन्या दरपत्रकांतल्याच चालत आल्या आहेत. चूक कोणाची, याला त्या तक्त्यांत रकानाच नाहीं. गाडी झाडावर आदळली काय, तीवर झाड पडलें काय, किंवा देवळाबाहेर ती स्वस्थ उभी असतां टेम्पोनें तिला ठोकरलें काय, आपण आपल्या कंपनीकडे हात पसरला कीं झालें.

परत येतांना एस्. टी. त बसल्या बसल्या मी त्या दोन शब्दांचाच विचार करीत होतों. चौतीस वर्षें मीं मुलांना शब्दार्थ नीट पाहावयास शिकविलें, आणि सात वर्षें माझ्याच कागदावरचा शब्द पाहिला नाहीं. त्या बोनसचें नांव ‘दोष नसल्याचा बोनस’ असें कोठेंच नव्हतें. तें ‘मागणें नसल्याचा’ असेंच होतें. बक्षीस सद्गुणाचें नव्हे, मौनाचें होतें. तर्कसंग्रह शिकतांना अभावाचे चार प्रकार घोकले होते, ते आठवले. वस्तु उत्पन्न होण्यापूर्वींचा तो प्रागभाव, नष्ट झाल्यावरचा तो प्रध्वंसाभाव. दावा लागण्यापूर्वीं तो नव्हता, आणि निकालांत निघाल्यावर तो नसेल, हें खरें. पण कंपनीला या दोन्ही अभावांशीं कर्तव्य नाहीं. वर्षभर तो कधींच नसावा, असा अभाव तिला हवा. शास्त्रीबुवा असते तर या उदाहरणावर खूष झाले असते.

आणखी एक गंमत ध्यानांत आली. ही सूट केवळ स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर असल्यामुळें, टेम्पोवाल्यानें स्वतःच्या गाडीसाठीं कांहीं मागितलें नसेल, तर त्याची सूट अबाधित राहते. मीं मुद्दाम फोन करून त्या अधिकाऱ्यांस विचारलें. त्यांनीं होकार दिला व थोडे हंसले. ज्यानें धडक दिली त्याचा बोनस शाबूत, आणि ज्याला बसली त्याचा गेला!

‘दोष नसतां’ ही कल्पना आपल्या कायद्यास अगदींच अपरिचित आहे असें मात्र नव्हे. १९३९ च्या कायद्यांत १९८२ सालीं दुरुस्ती झाली, तेव्हांपासून अपघातांत मृत्यु आल्यास १५,००० व कायमचें अपंगत्व आल्यास ७,५०० रुपये, चूक कोणाची हें सिद्ध न करतां मिळूं लागले. पुढें त्या रकमा वाढत गेल्या. २०१९ च्या दुरुस्तीनें आलेलें व २०२२ च्या एप्रिलपासून अमलांत असलेलें कलम १६४ मृत्यूस पांच लाख आणि गंभीर दुखापतीस अडीच लाख देवविते. तेथेंही दोषाची चौकशी नाहीं. हें सर्व योग्यच आहे. घरचा कर्ता गेला असतां त्याच्या विधवेनें चूक कोणाची याचे साक्षीदार शोधीत फिरावें, हें अमानुष. तेथें दोष न विचारणें ही दया आहे. विम्याच्या कचेरींत दोष न विचारणें ही नुसती सोय आहे. शब्द एक, पण अर्थ किती वेगळा!

पाठशाळेंतला माझा एक सहाध्यायी पुढें वकील झाला. त्याला विचारलें. तो म्हणाला, टेम्पोवाल्यावर व त्याच्या विमा कंपनीवर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे अर्ज करतां येतो, नुकसान केवळ मालाचें असलें तरी. त्या वाटेनें गेल्यास आपल्या कंपनीकडे कांहींच मागितलें नाहीं असें होतें, म्हणून बोनस सुरक्षित राहतो. ‘पण,’ तो म्हणाला, ‘तारखांना येण्याजाण्यांतच तुझ्या दाराची किंमत निघून जाईल.’ वकिलानें स्वतःच्या धंद्याविषयीं इतकें खरें बोलावें, याचें मला कौतुक वाटलें.

त्या रात्रीं मीं पाटी काढली. हिशेब पाटीवर करण्याची माझी संवय अजून सुटलेली नाहीं. गॅरेजवाल्याचा अंदाज २८,४०० रुपयांचा होता: दार १४,०००, बंपर ६,०००, मजुरी ८,४००. कंपनी हें सर्व देत नाहीं. पांच वर्षांवरील व दहा वर्षांच्या आंतील गाडीच्या धातूच्या भागांवर शेंकडा ४० घट धरतात, प्लॅस्टिक व रबरावर शेंकडा ५०. म्हणजे दाराचे ८,४०० आणि बंपरचे ३,००० उरले. मजुरी पूर्ण धरली तर बेरीज १९,८००. त्यांतून दर दाव्यामागें आपण सोसावयाचे १,००० वजा जातां १८,८००. रंगाच्या सामानावरही एक घट असते, ती मीं सोडून दिली.

आतां दुसरी बाजू. स्वतःच्या गाडीच्या भागाचा हप्ता ७,२०० होता. सूट असतां ३,६०० पडत. (दुसऱ्या, सक्तीच्या भागाचे ३,४१६ वेगळे, त्यांना बोनसचा स्पर्श नाहीं.) सूट शून्यावर आली कीं पहिल्या वर्षीं ३,६०० जादा, दुसऱ्या वर्षीं २० ची सूट मिळून २,१६० जादा, मग १,८००, १,०८० व ३६०, सहाव्या वर्षीं पुन्हां ५०. एकूण ९,०००, म्हणजे एका वर्षाच्या पूर्ण हप्त्याच्या सव्वापट. गाडी जुनी होते तसा हप्ता उतरतो, म्हणून प्रत्यक्षांत हा आंकडा थोडा कमी भरेल. तरी वाचकांपैकीं ज्यांच्या दारीं मोटार आहे त्यांनीं ही सव्वापट लक्षांत ठेवावी. सूट ५० वर असतां नुकसान याहून लहान असेल, तर खिशांतून दुरुस्ती करणेंच परवडतें. आमच्या बाबतींत १८,८०० तून ९,००० गेले, उरले ९,८००. २८,४०० पैकीं १८,६०० ज्याचा दोष नाहीं त्यानें सोसावयाचे, आणि तें ९,८०० देखील मिळतील कीं नाहीं हें ठाऊक नसतां बोनस आधींच गेला. पुढें दावा नामंजूर झाला तर बोनस परत मिळेल काय, असें मीं अधिकाऱ्यांस विचारलें होतें. ‘तेव्हां पाहूं,’ असें उत्तर मिळालें होतें. मात्र आपण होऊन दावा लेखी मागें घेतला, आणि कंपनीनें कांहीं दिलें नसलें, तर सूट राहील, हें त्यांनीं स्पष्ट सांगितलें.

माझी एक भाची इंग्लंडांत रेडिंग येथें असते. रविवारीं तिचा व्हिडिओ फोन येतो, त्या वेळीं तिच्या कानांवर ही कथा गेली. ती म्हणाली, ‘मामा, माझेंही असेंच झालें होतें.’ सिग्नलपाशीं ती थांबली असतां मागच्या गाडीनें तिला धडक दिली. तिच्या कंपनीनें दुरुस्ती करून दिली, पण दुसऱ्या कंपनीकडून पैसे वसूल होईतों दावा उघडा राहिला, आणि नेमकी त्याच वेळीं नूतनीकरणाची तारीख आली. उघडा दावा म्हणून तिचाही बोनस कापला गेला. पुढें सात महिन्यांनीं वसुली पूर्ण झाली, तेव्हां बोनस पूर्ववत् होऊन जादा भरलेली रक्कम तिला परत मिळाली. तेथेंही सर्व सोनें नाहीं. निर्दोष असलां तरी झालेला अपघात साधारण पांच वर्षें प्रत्येक कंपनीस सांगावा लागतो, आणि त्यामुळें हप्ता थोडा चढूं शकतो. पण निदान दोष कोणाचा हें लिहिण्यास तेथें एक रकाना आहे, आणि उशिरां कां होईना तो कोणी तरी वाचतो. हें ऐकून आमच्या मंडळींना तिकडच्या राज्याचा जो उमाळा आला तो मीं आवरला; तिकडचा हप्ता रुपयांत किती होतो, तें तिला सांगावयास लावलें.

२५ मार्चच्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर पुतण्या मोबाइल घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. कंपनी बदलली तर सर्व व्यवहार पांच मिनिटांत होतो, असें तो म्हणाला. गाडीचा क्रमांक घातला, सर्व माहिती आपोआप भरली गेली, आणि शेवटीं प्रश्न आला: गेल्या वर्षीं क्लेम घेतला होता काय? खालीं दोन चौकोन, ‘होय’ आणि ‘नाहीं’. त्याचें बोट ‘नाहीं’ वर गेलें होतें.

‘थांब,’ मी म्हणालों.

‘काका, क्लेम घेतला कुठें आहे? एक रुपया तरी आला आहे का? आणि चूक तर आपली नव्हतीच.’

हा प्रागभाव! मीं त्याला समजावून सांगितलें कीं, सुटीसाठीं आपण जें निवेदन करतों तें खोटें ठरलें, तर स्वतःच्या गाडीच्या भागाचे सर्व फायदे जप्त होतात. शिवाय नवी कंपनी जुनीकडे चौकशी करूं शकते. म्हणजे ३,६०० रुपये वांचविण्यासाठीं वर्षभर बिनविम्याच्या गाडींतून आजीला पुण्यास न्यावयाचें. हें सर्व त्याला ठाऊक होतें. तो संगणकाचें काम करणारा मुलगा; माझ्याहून त्यानें तो मजकूर अधिक बारकाईनें वाचला होता. तरी बोट तेथून हलेना. मग मीं आवाज चढविला, शाळेंत चढवीत असें तसा, आणि खोटेपणाविषयीं बोलूं लागलों.

तो मान वर करून म्हणाला, ‘बोनस गेला, तर पाडव्याला तुम्ही तो आंकडा सगळ्यांपुढें वाचाल. पुढच्या वर्षीं २०, मग २५. पांच वर्षें वाचाल. आणि बाबा पांच वर्षें खालीं मान घालून बसतील. मला तें पाहायचें नाहीं.’

मला बोलण्यास शब्द सुचेना. तेवढ्यांत आमच्या घरांतून, म्हणजे माझ्या पत्नीनें, माजघराच्या दारांतून दुसरी बातमी दिली. बंधु दोन दिवसांपूर्वीं कोणास न सांगतां कंपनीच्या कचेरींत जाऊन आला होता. दावा मागें घेतल्यास दादाचा बोनस राहतो, हें त्यानें विचारून घेतलें होतें, आणि पोस्टांतली आपली ठेव मोडून २८,४०० रुपये आणून कपाटांत ठेवले होते. भावजयीनें तें आमच्या मंडळींना सांगितलें होतें. ‘चूक कोणाची हें विचारायला कंपनी आपल्या घरीं आली नव्हती,’ ती म्हणाली. ‘तुम्हींच विचारलेंत. देवळापुढें.’

एवढें बोलून ती आंत गेली. मी बराच वेळ पाटी पुढें घेऊन बसलों होतों. कंपनीला मीं महिनाभर नांवें ठेवलीं कीं ती दोषी आणि निर्दोष यांत भेद करीत नाहीं. मीं तर भेद केला होता, आणि तो उलटा केला होता. कळविण्यास नऊ दिवसांचा उशीर माझा. टेम्पोवाल्याच्या गोड बोलण्यावर विसंबलों तो मी. ‘मास्तर’ म्हणतांच विरघळलों तोही मीच. दावा अडकला त्याचें निम्में कारण ओसरीवर पाटी घेऊन बसलें होतें, आणि शिक्षा मात्र मीं त्या माणसाला दिली होती, ज्यानें आईचीं पावलें वांचावींत म्हणून गाडी जवळ लावली.

बंधूला हांक मारली. तो आला, खांबाला टेंकून उभा राहिला. मीं पाटीवर नवें कांहीं लिहिलें नाहीं. फक्त म्हटलें, ‘उशीर माझ्यामुळें झाला. त्या दिवशीं मी बोललों तें वेड्यासारखें बोललों. ते पैसे उद्यां पोस्टांत परत ठेव.’

तो म्हणाला, ‘पोस्ट मोडलेली ठेव परत जोडून देत नाहीं, दादा. नवी करावी लागते. व्याज जातें.’

सात वर्षें बँकेच्या खिडकीशीं बसल्यासारखें तो हें अगदीं सहज बोलला, आणि मग आम्ही दोघेही हंसलों. पुतण्यानें माझ्याकडे पाहिलें. मीं मान हलविल्यावर त्यानें ‘होय’ वर बोट ठेवलें. दोन चौकोनांतलें अंतर अर्ध्या बोटाचेंही नव्हतें. १०,६१६ रुपये व त्यावरील कर, अशी रक्कम आली. ती मीं भरली.

दावा निकालांत निघाला तो जुलैंत. दार ठोकून सरळ करण्यावर शेवटीं सर्व्हेअरचेंच म्हणणें टिकलें, आणि कंपनीनें १४,३०० रुपये दिले. दार अजून पावसाळ्यांत थोडें आवाज करतें. पुढें एजंटाकडून कळलें कीं, थोडा जादा हप्ता भरला असतां ठराविक दाव्यांपर्यंत बोनस राखणारें एक जोड कलम मिळतें. तें आधीं कां सांगितलें नाहीं असें विचारतां तो म्हणाला, ‘तुमचे कधीं क्लेमच नव्हते, सर.’ याला काय उत्तर द्यावें! टेम्पोवाला बाजारांत भेटतो, तेव्हां रस्ता ओलांडून पलीकडे जातो. तेवढी लाज त्याला आहे, हें मी जमेस धरतों.

२०२५ च्या मार्चांत नवा कागद आला. त्यावर २० होते. तो मीं पाकिटांतून काढून तसाच कपाटांत ठेवून दिला. ‘काय लिहिलें आहे रे?’ आईनें विचारलें, कारण तिला माझ्या वाचनाची संवय होती. ‘सर्व ठीक आहे,’ मीं सांगितलें.

एक गोष्ट मात्र राहिली होती, आणि ती मला फार उशिरां दिसली. त्या गणेशजयंतीपासून बंधु गाडी लावतांना दर वेळीं मला विचारूं लागला होता, ‘दादा, इथें लावूं का?’ मंगलकार्यालयापुढें, दवाखान्यापाशीं, भाजीच्या मंडईजवळ, प्रत्येक ठिकाणीं. मी आपला मान वळवून जागा न्याहाळी आणि ‘हं, लाव’ म्हणे. जणूं मलाच गाडी चालवितां येते! पुतण्याच्या त्या रात्रीच्या बोलण्यानंतरही तें विचारणें थांबलें नाहीं. तोंडांतून गेलेला शब्द मागें घेण्यासाठीं कोणत्या कचेरींत लेखी अर्ज करावा, तें मला ठाऊक नाहीं.

पाडव्यानंतर दोन आठवड्यांनीं आईला घेऊन आम्ही पुण्यास गेलों. दवाखान्याच्या गल्लींत नेहमींप्रमाणें गर्दी होती. बंधूनें एकदां डावीकडे पाहिलें, एकदां उजवीकडे, आणि कोणास कांहीं न विचारतां एका दुधाच्या टेम्पोच्या मागें, उन्हांत, गाडी नेऊन उभी केली. ती जागा मला मुळींच पसंत नव्हती. मीं आईची काठी घेतली आणि खालीं उतरलों.